वेलभाज्यांसाठी वर्तमानपत्राच्या कागदी कुंड्या : ठाण्याच्या पावसात काय जमतं, काय नाही

अबोली, ठाणे
८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मे उजाडला की आमच्या घरात दोन गोष्टी साठतात, आंब्याची रिकामी खोकी आणि वर्तमानपत्रं. दोन्ही मी आता रद्दीवाल्याला देत नाही. गेले तीन पावसाळे मी वेलभाज्यांची रोपं कागदी कुंड्यांत तयार करते आहे. चुका बऱ्याच झाल्या, त्यातून काही गोष्टी पक्क्या कळल्या, त्या इथे लिहून ठेवते. ज्यांनी हे केलंय त्यांनी भर घालावी, चुकत असेन तिथे सांगावं.

आधी हा खटाटोप कशासाठी ते. मानपाड्याच्या आमच्या इमारतीत कुंपणालगत चार फूट रुंदीची मातीची पट्टी आहे. तिथे आणि स्वयंपाकघराच्या ग्रिलमध्ये मी काकडी, दोडका, कारलं आणि पडवळ लावते. कागदी कुंड्यांच्या आधीच्या वर्षी सगळं बी दह्याच्या डब्यांत रुजवलं. उगवण छान झाली. डब्यातून काढताना मात्र काकडीची निम्मी रोपं गेली. मातीचा गोळा हातात फुटला, मूळ मधेच तुटलं, दोन दिवसांत पानं लुळी पडली. टोमॅटो, वांगी, मिरची यांचं असं होत नाही. त्यांची मुळं थोडी तुटली तरी पुन्हा फुटतात, म्हणून तर शेतकरी ती रोपं गादीवाफ्यावरून उपटून लावतात. वेलवर्गीयांना मुळाला लागलेला धक्का सोसत नाही. म्हणून त्यांचं बी जागेवरच टोकायची पद्धत आहे. आमच्या पट्टीत जागेवर टोकलं तर बी उंदीर उकरतात आणि वाचून उगवलेलं गोगलगायी एका रात्रीत फस्त करतात. रोप दोन खऱ्या पानांचं (बियातून आधी निघणाऱ्या दोन दलांनंतरची पानं) होईपर्यंत वर, घरात, सांभाळावंच लागतं.

कागदी कुंडी कुंडीसकट मातीत जाते, मुळाला हात लागत नाही, एवढाच तिचा उपयोग. पण वेलांसाठी तो फार मोठा आहे.

कृती अशी. वर्तमानपत्राचा एक ताव मधल्या घडीवर कापला की सुमारे ५४ सेंमी लांब आणि ३३ ते ३५ सेंमी रुंद कागद मिळतो. लांबीच्या दिशेने त्याचे तीन भाग करायचे. ११ सेंमी रुंदीच्या तीन लांब पट्ट्या होतात. स्टीलचा अरुंद पेला किंवा औषधाची बाटली घ्या, साडेपाच सेंमी व्यासाच्या आसपासची. पट्टी तिच्याभोवती गुंडाळली की तीन वेढे बसतात. बुडाच्या बाजूला ४ सेंमी कागद मोकळा सोडा, तो चारी बाजूंनी आत दुमडा आणि ओट्यावर जोरात दाबा. मग बाटली काढून पुन्हा आत घाला आणि बुडाच्या घड्या आतूनही दाबून घ्या. हे दुसऱ्यांदा दाबणं चुकवू नका, बूड त्यानेच बसतं. पट्टी फार आवळून गुंडाळली तर बाटली निघत नाही. पेल्याचं बरं असतं, तोंडाकडे रुंद असल्यामुळे तो अलगद सुटतो.

सोळा पानी अंकात चार ताव असतात, प्रत्येकाच्या सहा पट्ट्या, म्हणजे एका अंकात २४ कुंड्या. हात बसला की त्या अर्ध्या तासात होतात.

चिकटवायचं काहीच नाही. पहिल्या वर्षी मी मैद्याची खळ लावली होती. तिसऱ्या रात्री झुरळं आली, पाठोपाठ मुंग्या. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या की त्या आपोआप उभ्या राहतात आणि ओल्या झाल्या की घडी सुटत नाही.

सात सेंमी उंचीच्या एका कुंडीत १५० मिली मिश्रण मावतं, म्हणजे चाळीस कुंड्यांना सहा लिटर. मी दोन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. नुसती लाल माती भरू नका. ती भिजून जड होते, कुंडी उचलताना बूड सुटतं.

आंब्याच्या खोक्याच्या तळाशी दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन अंथरते. लहान खोक्यात वीस-बावीस कुंड्या बसतात. पाणी वरून न घालता खोक्यात एका कोपऱ्यातून बोटभर सोडायचं. पंधरा मिनिटांत कागद आणि कोकोपीट लागेल तेवढं पितात. उरलेलं खोकं तिरकं करून ओतून टाकायचं. खोक्यातला पेंढाही टाकू नका, जूनमध्ये वेलाच्या बुडाशी आच्छादन म्हणून कामी येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, काठ. कुंडी मातीत लावताना कागदाचा काठ मातीच्या वर राहिला तर तो वातीसारखं काम करतो. आतला ओलावा ओढून घेतो आणि वाऱ्यावर सोडतो. आजूबाजूची माती ओली असते आणि रोपाच्या मुळाशी मात्र कोरडं. मला हे कळायला एक अख्खा हंगाम गेला. जूनमध्ये पावसाने चार दिवस ओढ दिली की माझी रोपं माना टाकायची आणि मी पाणी वाढवत राहायचे. म्हणून लावण्याआधी काठ मातीच्या पातळीपर्यंत फाडून टाका, किंवा कुंडी एवढी खोल बसवा की काठावर बोटभर माती येईल.

दोन शंका आहेत. एक, माझ्या कुंड्यांवर पांढरी बुरशी येते, ती रोपाला घातक असते का? दुसरी, गेल्या दिवाळीत ग्रिलमधल्या कुंडीतला वाळलेला दोडका उपटला, तर त्याच्या मुळाभोवती कागदाचं कडं जसंच्या तसं होतं. ठळक मथळा वाचता येत होता. जमिनीतल्या रोपांना असं झालं नाही. असं का व्हावं?

यंदा बी २५ मेच्या सुमारास पेरायचं आहे. वेल बारा-पंधरा दिवसांत लावायला तयार होतात, म्हणजे ८ जूनपर्यंत जमिनीत.

नेरुळकर
८ मे, रात्री १०:५५

अबोलीताई, फार उपयोगी लिहिलंत. काठाचं शंभर टक्के खरं आहे. मी नेरुळच्या सिडकोच्या रो-हाउसमध्ये राहतो, मागे दहा बाय बाराचं परसू आहे. खाली सगळा मुरूम, तीस वर्षं पालापाचोळा आणि शेणखत घालून त्याची माती केली आहे.

बियाण्याबद्दल थोडं सांगतो. आपल्याकडच्या पावसाला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे वाण मानवतात. काकडीत शीतल, कारल्यात कोकण तारा, पडवळात कोकण श्वेता, दोडक्यात कोकण हरिता. मी अनेक वर्षं शीतल लावतो आणि बी घरचंच धरतो. कारल्याच्या आणि पडवळाच्या बियांची साल जाड असते. ते बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोड दिसला की मगच कागदी कुंडीत टाका. कारण कागदाचं आयुष्य मोजकं आहे. बी रुजायला आठ दिवस लागले तर ते आठ दिवस कागद फुकट भिजतो.

मोड आलेलं बी टाकताना मोड खालच्या बाजूला. बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल, त्याहून जास्त नाही.

सई_ऐरोली
९ मे, सकाळी ७:१५

अबोलीताई, धागा वाचून रात्रीच चार कुंड्या करून बघितल्या. दोन जमल्या, दोनांचं बूड सुटलं. आतून दाबायचं राहिलं होतं, आता वाचलं.

माझी शंका शाईची आहे. वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नयेत असं एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेने, सांगितलं आहे ना? आमच्याकडे वडापावसुद्धा आम्ही आता स्वतःचा डबा नेऊन आणतो. मग ज्या कागदात भाजीचं रोप वाढतं त्याचं काय? घरात तीन वर्षांची मुलगी आहे, काकडी तिच्यासाठीच लावायची आहे, म्हणून विचारते.

पिंपळपान
९ मे, दुपारी १:३०

सई, प्रश्न अगदी योग्य आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, मला कळतं तेवढं सांगतो.

एफएसएसएआयने डिसेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२३ मध्ये वर्तमानपत्रात अन्न बांधण्याविरुद्ध सूचना काढली. कारण स्पष्ट आहे. गरम, तेलकट वडा कागदाला टेकला की शाईतलं तेल, रंग आणि रसायनं थेट पदार्थात उतरतात आणि तो पदार्थ आपण पाच मिनिटांत खातो. शिवाय कागद हाताळलेला, धुळीचा. कुंडीत या दोन्ही गोष्टी नाहीत. काळ्या शाईचा रंग म्हणजे मुख्यतः काजळीसारखा कार्बन असतो, तो पाण्यात विरघळत नाही आणि मूळ त्याला शोषत नाही. शाईत खनिज किंवा वनस्पती तेल असतं, त्याचं मातीतले जिवाणू हळूहळू विघटन करतात. एका वेलाच्या वाट्याला एक पट्टी, तीही कितीतरी मातीत मिसळणारी.

तरी माझ्या घरी मी तीन पथ्यं पाळतो. रंगीत जाहिरातींची पानं घेत नाही, रंगीत शाईत काय काय असेल ते आपल्याला तपासता येत नाही. गुळगुळीत पुरवण्या घेत नाही. त्यांच्यावर चिकणमातीसारख्या खनिजांचा लेप असतो, त्यातून ना पाणी नीट जातं ना मूळ. आणि मेथी, कोथिंबीर किंवा मायक्रोग्रीन्स, म्हणजे जे दहा-वीस दिवसांत मुळाजवळून कापून खायचं ते, कागदात करत नाही. तशीही त्यांना रोपवाटिकेची गरज नसते. काकडीसाठी काळ्या-पांढऱ्या मजकुराची पानं निर्धास्तपणे वापरा.

आता अबोलीताईंच्या शंका. पांढरी बुरशी कागदावर जगते, रोपावर नाही. कागद म्हणजे सेल्युलोज, ते तिचं अन्न. कापसासारखी पांढरी असेल तर घाबरू नका. ती आली म्हणजे कागद कुजायला लागला, जे आपल्याला हवंच आहे. फक्त हवा खेळत नाही आणि पाणी जास्त होतंय, असा तिचा अर्थ घ्या. ज्याची भीती बाळगायची ती दुसरी, मर. रोपाचं खोड मातीलगत बारीक होतं, पाणी भरल्यासारखं दिसतं आणि रोप आडवं होतं. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींमुळे ते होतं. एकदा रोप आडवं झालं की वाचत नाही. दाटीत आणि ओलसर कोंदट हवेत ती पसरते. मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून दोन दिवस सावलीत ठेवलं तर बराच फरक पडतो.

कागदाचं कडं का राहिलं त्याचं उत्तर जरा लांब आहे, संध्याकाळी लिहितो.

मंदार_कोपरखैरणे
९ मे, दुपारी ३:०५

चांगला धागा. पण एक वेगळं मत मांडतो.

टोमॅटो, मिरची, वांगी, झेंडू यांच्यासाठी कागदी कुंड्या करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मिरचीच्या रोपाला लावणीयोग्य व्हायला पस्तीस-चाळीस दिवस लागतात. पावसाळ्यात तेवढे दिवस कागद टिकत नाही. मी मागच्या वर्षी जुलैअखेर झेंडू पेरला, दसऱ्याला फुलं हवीत म्हणून. साठ कुंड्या केल्या. अठराव्या दिवशी त्या उचलायच्या म्हटलं तर बूड खोक्यालाच चिकटून राहिलं. अर्धी रोपं हातात मुळासकट उघडी आली.

त्यापेक्षा प्रोट्रे, म्हणजे रोपांसाठीचे खणांचे प्लास्टिक ट्रे, घ्या. ९८ खणांचा एक ट्रे नीट वापरला तर अनेक हंगाम जातो. नारायणगावकडच्या रोपवाटिकांमध्ये टोमॅटोची रोपं अशीच होतात. खणातून रोप मुळांच्या गुंडाळीसकट बाहेर येतं, काही तुटत नाही. प्लास्टिक आहे हे खरं, पण एकदाच घेतलेलं आणि वर्षानुवर्षं वापरलेलं.

अबोली, ठाणे
९ मे, दुपारी ४:२०

मंदार, यात मतभेद नाहीच. मीही मिरची आणि टोमॅटो ट्रेमध्येच करते. धाग्याच्या नावात वेलभाज्या मुद्दाम घातलं आहे. बारा ते पंधरा दिवसांचं काम असेल तरच कागद. त्यापुढे तो पावसात तग धरत नाही.

पण वेलांना ९८ खणांचा ट्रे लहान पडतो. काकडीचं मूळ आठ दिवसांत तळाला टेकतं.

माडबन
९ मे, रात्री ८:१०

मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, आता कळव्यात. हे सगळं वाचताना आजीची आठवण झाली. ती काकडीचं आणि चिबडाचं बी पळसाच्या पानांच्या द्रोणात रुजवायची. द्रोण हिरकुटांनी टाचलेले, त्यात शेणखत आणि राखेची माती. मृग लागला की द्रोणासकट मांडवाच्या बुडाशी. केळीच्या सोपटाचे वीतभर तुकडे करून, सुंभाने बांधून त्यांच्याही नळ्या करायची. पान कुजतं कधी ते कळायचंही नाही. सोपटाला मात्र वेळ लागायचा, म्हणून ती लावताना त्याला उभी चीर द्यायची.

ठाण्यात द्रोण आता बहुतेक यंत्रावर दाबलेले मिळतात, काहींना आतून चकचकीत थर असतो, ते कुजत नाहीत. जांभळी नाक्याला पूजासाहित्याच्या दुकानांत कधीकधी साधे पानांचे मिळतात. मिळाले तर घ्या, कागदाहून सरस.

अवांतर: करवंटीत रोपं करणाऱ्यांना एक विनंती. करवंटी कुंडीसकट मातीत पुरू नका. ती वर्षानुवर्षं कुजत नाही, मूळ आतच कोंडतं.

पिंपळपान
९ मे, रात्री ९:५०

माडबन, तुमच्या आजीची ती चीर हेच अबोलीताईंच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर आहे.

वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यात लिग्निन शिल्लक राहतं. उन्हात पेपर पिवळा पडतो तो त्यामुळेच. लिग्निन कुजायला जड. शिवाय कागदात कर्ब भरपूर आणि नत्र जवळजवळ शून्य. जिवाणूंना आणि बुरशीला कागद खायचा तर नत्र बाहेरून, म्हणजे मातीतून घ्यावं लागतं, आणि सतत ओल लागते. जमिनीत हे सगळं आहे. गांडुळं आहेत, वाळवी आहे, चार महिने पाऊस आहे. ग्रिलमधल्या कुंडीत कोकोपीट जास्त, जीव कमी, आणि वर छज्जा असल्यामुळे पाऊस थेट पडत नाही. एका पाण्यापासून दुसऱ्या पाण्यापर्यंत कागद वाळतो. वाळलेला कागद कुजत नाही, आणि तीन पदर असतील तर कोवळं मूळ त्याला भेदण्यापेक्षा कडेकडेने फिरणं पसंत करतं. दोडका वाळला तो कदाचित याच कारणाने.

दोन उपाय. लावण्याआधी कुंडी पाण्यात पूर्ण भिजवा, मग बूड फाडून टाका आणि बाजूला दोन उभ्या चिरा द्या. चीर फक्त कागदाला, मातीत ब्लेड शिरता कामा नये. आणि भोवतीच्या मातीत थोडं जास्त गांडूळखत किंवा पेंड घाला, म्हणजे नत्राची ओढाताण होणार नाही. लावल्यावर आठवड्याने खालची पानं पिवळट पडतात, अशी तक्रार बरेच जण करतात, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

सई_ऐरोली
१० मे, सकाळी ६:५०

खूप धन्यवाद पिंपळपान सर. आता मनातली भीती गेली. आमच्या घरी पेपर येणं बंद होऊन तीन वर्षं झाली, सगळे मोबाइलवर वाचतात. शेजारच्या आजोबांकडे मागायला गेले, तर त्यांनी रद्दी दिलीच, वर स्वतः बसून मुलीला कुंड्या करायला शिकवलं. त्यांची घडी माझ्याहून सुबक येते, लहानपणी वाणसामानाच्या पुड्या बांधलेला हात आहे.

खारघरची_वेल
१० मे, सकाळी ११:३०

मला पावसाचं सांगायचं आहे. ८ जूनची तारीख धरून चालू नका. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून, पण २०२५ साली तो २६ मेलाच आला. माझ्या तीस कुंड्या त्या वेळी गच्चीत उघड्यावर होत्या, रोपं सहा दिवसांची, जेमतेम दोन दलं. एका रात्रीच्या पावसाने वीस कुंड्या विरघळल्यासारख्या झाल्या. सकाळी खोक्यात नुसता लगदा आणि त्यात आडवी रोपं. मला रडू आलं होतं, कारण त्यातली काकडी आईने माहेरून पाठवलेल्या बियाची होती, आणि ते बी संपलं होतं.

तेव्हापासून दोन गोष्टी करते. सगळं बी एकदम पेरत नाही, निम्मं ठेवून देते. आणि कुंड्या पहिल्या दिवसापासून छपराखाली, पण उजेडात. आमच्याकडे पूर्वेचा ग्रिल आहे, तिथे दहा वाजेपर्यंत ऊन येतं, तेवढं पुरतं. उजेड कमी पडला तर रोपं लांबुडकी होतात आणि लावल्यावर पहिल्याच वाऱ्याला मोडतात.

नेरुळकर
१० मे, दुपारी १२:१०

खारघरची_वेल, तुमच्या आईंच्या काकडीचं वर्णन कळवा. फिकट हिरवी, आखूड, टोकाला पोपटी असेल तर माझ्याकडे तशी एक पेणची गावठी आहे. दहा बिया राखून ठेवतो. नेरुळ स्टेशनला भेटून देईन.

खारघरची_वेल
१० मे, दुपारी १२:४५

काका, अगदी तशीच! माझं माहेर पेणजवळच आहे. शनिवारी येते.

मंदार_कोपरखैरणे
१० मे, रात्री ९:००

कुंड्या खेटून ठेवायच्या की सुट्या? खेटून ठेवल्या तर उभ्या राहतात हे मान्य. पण माझ्या झेंडूच्या मुळ्या एका कुंडीतून शेजारच्या कुंडीत शिरल्या होत्या, उचलताना तुटल्या. सुटं ठेवलं की मूळ कागदाबाहेर डोकावतं, हवेत टोक सुकतं, आणि आतून नवे फाटे फुटतात. त्याने मुळांचा गुच्छ भरगच्च होतो.

अबोली, ठाणे
१० मे, रात्री ९:३५

पहिले आठ दिवस खेटून, कारण तेव्हा कागद मऊ असतो आणि मूळ अजून आत. नवव्या दिवशी मी त्या दोन खोक्यांत विभागते आणि मधे बोटभर जागा सोडते. तोवर मुळांनी मिश्रण धरलेलं असतं, कुंडी कोसळत नाही. तुमचं म्हणणं बरोबर आहे, फक्त ते दुसऱ्या आठवड्यापासून लागू करायचं.

पिंपळपान सर, यंदा एक तुलना करून बघते. काकडीच्या आठ कुंड्या, एकाच दिवशी पेरलेल्या. चार पट्टीत जमिनीत, चार ग्रिलमधल्या कुंड्यांत. दोन्हीकडे दोन कुंड्या चिरा देऊन, बूड फाडून, आणि दोन तशाच, फक्त काठ काढून. पाच आठवड्यांनी प्रत्येकी एक उकरून बघेन.

पिंपळपान
१० मे, रात्री १०:१५

नक्की करा. उकरताना खोडाला न ओढता बाजूने माती काढा आणि पाण्याने धुऊन बघा, नाहीतर पातळ कागद मातीबरोबर निघून जाईल आणि तो कुजला असं वाटेल.

सई_ऐरोली
४ जून, सकाळी ८:००

धागा वर काढतेय. बावीसपैकी एकोणीस उगवली! एकाचं खोड मातीलगत बारीक झालं आहे, हीच मर का? बाकीची कधी लावू? दुसरं खरं पान आजच उघडलं.

नेरुळकर
४ जून, सकाळी ८:२५

सई, मरच दिसते. ती कुंडी आत्ताच्या आत्ता मिश्रणासकट बाजूला काढ, तिच्या शेजारच्या चार कुंड्यांना दोन दिवस पाणी देऊ नकोस. बाकीची आज संध्याकाळी ऊन कललं की लावून टाक. तिसऱ्या पानाची वाट बघू नकोस. वेलाला ताणा फुटायच्या आत तो जमिनीत हवा.

अबोली, ठाणे
१३ जुलै, रात्री ८:५०

सांगितल्याप्रमाणे आज चार रोपं उकरली. ८ जूनला लावली होती, बरोबर पाच आठवडे झाले.

जमिनीतली दोन्ही सारखीच. चिरा दिलेल्या कुंडीच्या कागदाचा मागमूस नाही. न दिलेल्या कुंडीचे नखाएवढे करडे तुकडे मिळाले, बोटाने चोळले की चिखल होत होता. दोन्हीकडे मुळं वीतभर बाजूला पसरलेली, गांडुळं भरपूर. म्हणजे आपल्या पावसात जमिनीत लावणाऱ्यांनी चिरांची काळजी केली नाही तरी चालेल, काठ तेवढा काढा.

ग्रिलमध्ये फरक स्वच्छ दिसला. चिरा दिलेल्या कुंडीत बाजूचा कागद अजून होता, पण मऊ, आणि चिरांतून आणि बुडातून मुळांचे जाड झुबके बाहेर आलेले. न दिलेल्या कुंडीत कागदाचं कडं पूर्ण शाबूत. मुळं आतल्या आत दोन वेढे फिरलेली, चारपाच बारीक तंतू तेवढे घडीच्या फटीतून बाहेर. वर वेल हिरवाच होता, पण चिरा दिलेल्याहून हातभर आखूड. रोप एकेकच आहे, त्यामुळे यावरून फार मोठं काही म्हणता येणार नाही, पण ग्रिलवाल्यांनी बूड फाडल्याशिवाय लावू नये असं मला आता खात्रीने वाटतं. ते कडं कापून काढलं आणि वेल पुन्हा लावला आहे. मुळाला धक्का बसलाच, टिकतो का ते आठवडाभरात कळेल.

पुढच्या वेळी ग्रिलसाठी पट्टी अर्धी कापून दीडच वेढ्याची कुंडी करणार आहे. उचलताना जपावं लागेल, पण ग्रिलमधलं रोप फक्त हातभर अंतरावरच तर न्यायचं असतं.

माडबन
१३ जुलै, रात्री ९:४०

ताई, दीड वेढ्याची करणार असाल तर खोक्यातून उचलायला उलथनं वापरा, हाताने नको. आणि या वर्षी पळसाची पानं मिळाली आहेत, पंचवीस द्रोण टाचून ठेवलेत. तुमच्यासाठी सहा पाठवतो, पुढच्या तुलनेत तेही घ्या.

अबोली, ठाणे
१३ जुलै, रात्री ९:५५

जरूर पाठवा. सप्टेंबरअखेर दुधी लावायचा आहे, तेव्हा तीन द्रोणात आणि तीन दीड वेढ्याच्या कागदात पेरते.